हॉटेलातलं जेवण: बिल किती आणि ताटात काय?



आरोग्य पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत दोन प्रश्न सारखे येतात. एक तरुण मुलांचा: "बाहेरचं खाणं खरंच इतकं वाईट असतं का?" दुसरा घर चालवणाऱ्या बायांचा: "एवढे पैसे मोजून ते परवडतं का?" या वेळी आम्ही दोन्ही प्रश्न एकत्रच घेतले आहेत. वस्तीतल्या घरात पैसा आणि प्रकृती यांचा हिशेब वेगळा मांडताच येत नाही. हॉटेलात गेलेले हजार रुपये कुठून तरी कमी होतात, आणि बहुतेक वेळा ते दूध, अंडी आणि फळांतून कमी होतात.

पण "बाहेरचं खाऊ नका" असा फळ्यावरचा सुविचार लिहून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या लोकांना हॉटेलच्या टेबलावर बसणं हे नुसतं पोट भरणं कधीच नव्हतं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. सोबत डबा भरलेला होता, पण पाणी द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपावं लागलं. आपल्यातल्या कित्येकांच्या आजोबांनी हॉटेलच्या बाहेर उभं राहून वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा घेतला आहे आणि तो कप स्वतः विसळून ठेवला आहे. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे तो यासाठीच. तेव्हा एखादा बाप पगाराच्या दिवशी लेकरांना घेऊन पंख्याखालच्या टेबलावर बसतो आणि वेटरला "दोन सूप आण" म्हणतो, त्याला आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. ते सुख खरं आहे. त्याची किंमत किती आणि त्या किमतीत ताटात काय येतं, एवढंच आपण पाहू.

एक बिल, एक घरचा स्वयंपाक

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एका ताईंनी हॉटेलचं बिल आणलं होतं. नवरा-बायको आणि दोन मुलं, साधं फॅमिली रेस्टॉरंट. दोन सूप 'वन बाय टू' करून १८० रुपये, हाफ चिकन हंडी ३८०, सहा तंदूर रोट्या १५०, एक जिरा राईस १४०, दोन मसाला पापड ८०, पाण्याच्या दोन बाटल्या ४०. बेरीज ९७०, त्यावर पाच टक्के जीएसटी ४८ रुपये ५० पैसे. एकूण १०१८ रुपये ५० पैसे. हंडीत चिकनचे तुकडे सहा. मुलांना दोन-दोन गेले, नवऱ्याच्या ताटात दोन, ताईंनी रस्सा-रोटी खाल्ली. हे त्यांनी हसत सांगितलं, पण आमच्यापैकी कोणी हसलं नाही.

मग पुढच्या रविवारी तोच बेत घरी केला. पाऊण किलो चिकन १८० रुपये, कांदा-टोमॅटो-आलं-लसूण-खोबरं आणि मसाला ४०, तेल १०, अर्धा किलो तांदूळ २५, अर्धा किलो कणीक २०, पापड १०, गॅस १५. एकूण ३०० रुपये. चिकन जवळपास तिप्पट आलं आणि ताईंच्या ताटात तुकडे आले. भाव गावोगाव आणि महिन्या-महिन्याला बदलतात, त्यामुळे तुमच्या बाजारातले आकडे घालून हा हिशेब तुम्ही करून पाहा. प्रमाण फार बदलणार नाही.

फरक साधारण ७१९ रुपयांचा. सात रुपयाला एक अंडं धरलं तर शंभराहून जास्त अंडी होतात. म्हणजे चार माणसांना रोज एक अंडं, पंचवीस दिवस. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात असं आयसीएमआर सांगते. आपल्या घरांत बायांच्या ताटात यातलं किती येतं, हे प्रत्येकीने आपलं ताट आठवून पाहावं.

इथवर हिशेब घरच्या बाजूने झुकलेला दिसतो. पण बैठकीत मागे बसलेल्या एक मावशी बोलल्या आणि सगळं फिरलं. त्या चार घरी धुणी-भांडी आणि स्वयंपाक करतात. म्हणाल्या, "तुमच्या तीनशे रुपयांत माझे दोन तास कुठं धरलेत? लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या तर मला पैसे मिळतात. माझ्या घरी लाटल्या की फुकट."

मावशींचं बरोबर होतं. कांदा चिरणं, वाटण वाटणं, पोळ्या, नंतरची भांडी, नळाला पाणी नसेल तर ते भरणं. त्यांच्याच दराने दोन तासांचे दीडशे-दोनशे रुपये धरले तर घरचं जेवण साडेचारशे-पाचशेला जातं. तरी हॉटेल दुप्पट पडतंच. पण "घरचं स्वस्त" म्हणताना ते कोणाच्या पाठीवर स्वस्त होतं हे आम्ही विसरलो होतो, हे इथे कबूल करतो. आठवड्यातल्या सहा दिवसांचं रांधणं झाल्यावर एका संध्याकाळी चुलीपासून सुटका मिळावी म्हणून बाई हॉटेलात जाऊ म्हणत असेल, तर ती चवीसाठी कमी आणि विश्रांतीसाठी जास्त पैसे देते आहे. विश्रांती हीसुद्धा आरोग्याचीच बाब आहे. नवऱ्याने वाटण वाटलं आणि मुलांनी भांडी घासली तर त्या विश्रांतीचा बराचसा भाग फुकटात मिळतो. त्या रविवारी आम्ही करून पाहिलं. वाटण जरा भरड झालं, बाकी काही बिघडलं नाही.

हॉटेलवाला तरी हजार रुपये कशाचे घेतो? धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की बिलाच्या साधारण एक तृतीयांश रकमेचा कच्चा माल असतो. बाकीत जागेचं भाडं, आचारी आणि वेटरचा पगार, व्यापारी गॅस सिलिंडर, वीज, नासाडी आणि मालकाचा नफा. म्हणजे त्यात सगळी लूट नाही. त्या वेटरमध्ये आणि भांडी घासणाऱ्या पोऱ्यात आपल्याच वस्तीतली मुलं असतात.

साध्या जेवणाची खरी किंमत किती, याचं एक माप आपल्याकडे आहे. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा तिच्यात तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात ठरवला होता. जेवणारा दहा रुपये देई, पण शासनाने थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. त्यानंतर महागाई वाढली आहे, तरी कोणी साध्या भाजी-रोटीचे दोनशे-अडीचशे सांगितले की हे माप मनात ठेवावं. वरचे पैसे जागेचे आणि थाटाचे आहेत. ते द्यायचे असतील तर समजून उमजून द्यावेत.

गळती कुठे आहे

बिलाची चर्चा चालू असताना आम्ही काही तरुणांना त्यांचं बाहेरचं रोजचं खाणं वहीत लिहायला सांगितलं. एकाची वही अशी: कामावर जाताना दोन वडापाव ४० रुपये, दिवसभरात दोन चहा २०. रोजचे ६०, महिन्याचे २६ दिवस, १५६० रुपये. शनिवारी मित्रांबरोबर चायनीज, १२० रुपयांची प्लेट, चार शनिवार, ४८०. एकूण २०४०. ज्या हॉटेलच्या बिलावर घरात आठवडाभर धुसफूस झाली, त्याच्या हे दुप्पट. आणि याबद्दल घरात कोणी शब्द काढला नव्हता, कारण वीस-वीस रुपये दिसत नाहीत.

प्रकृतीच्या दृष्टीनेही आम्हाला महिन्यातून एकदाच्या हंडीची फारशी काळजी वाटत नाही. काळजी रोजच्या गाडीची आहे. एका वडापावमध्ये तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. मैद्याचा पाव, बटाटा, बेसनाचं पातळ आवरण आणि तेल. पोट भरतं, पण प्रथिनं त्या मानाने थोडी मिळतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. पन्नास ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आठ-दहा रुपयांत येतात आणि सुमारे बारा ग्रॅम प्रथिनं देतात. दोन उकडलेली अंडीही तेवढीच देतात. पहाटे डबा करायला घरात कोणाला वेळ नसेल तर मुलाने रात्रीच अंडी उकडून ठेवावीत, ती खिशात मावतात. फ्रिज नसेल तर मात्र सकाळीच उकडावीत.

तेल, मीठ आणि कालचा भात

गाडीवरच्या तेलाबद्दल सगळे बोलतात, पण त्यात नेमकं काय बिघडतं ते समजून घेऊ. तेल तापवून पुन्हा पुन्हा वापरलं की ते तुटत जातं आणि त्यात घातक घटक साठतात. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट आणि घट्ट दिसतं, कढईच्या कडेला फेस चिकटून राहतो, वास घशाला लागतो, मंद आचेवरही धूर येतो. अशा कढईसमोरून पुढे जावं. कालच्या तेलात आजचं नवं ओतलं म्हणून ते नवं होत नाही. संध्याकाळी गर्दीच्या वेळी जाण्यापेक्षा गाडी लागल्यावर पहिल्या घाण्याचा वडा घेतलेला बरा, हे आम्हाला एका गाडीवाल्या दादांनीच सांगितलं.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वड्याचं काय? शाईतली रसायनं गरम तेलाबरोबर खाण्यात उतरतात. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. आपला डबा पुढे करावा. गाडीवाला रागावत नाही, उलट त्याचा कागद वाचतो.

मिठाकडे आपलं लक्ष कमी असतं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच मीठ मोठ्या माणसाला पुरे आहे, आणि त्यात सगळं आलं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. सूप, मसाला पापड, लोणचं आणि ग्रेव्ही एका बैठकीत आली की दिवसाचा कोटा संपायला वेळ लागत नाही. घरात ज्यांना बीपी आहे त्यांनी हॉटेलात जाऊ नये असं नाही, पण सूप आणि पापड मागवू नये. गंमत अशी की बिलात सगळ्यात कमी पोषण देणाऱ्या ओळीही याच. आमच्या बिलात सूप, पापड आणि बाटल्या मिळून ३०० रुपये झाले होते, म्हणजे घरच्या अख्ख्या बेताएवढे.

चायनीजच्या गाडीवर लोक अजिनोमोटोला घाबरतात. आमच्या मते ती भीती चुकीच्या जागी आहे. नेहमीच्या प्रमाणात त्याने निरोगी माणसाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, फक्त त्यातही सोडियम असतं एवढं ध्यानात ठेवावं. खरी भीती दोन गोष्टींची. पहिली, भडक लाल रंग. कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली. तपासणीत घातक कृत्रिम रंग सापडले होते. दुसरी, भात. फ्राइड राईससाठी दुपारीच भात शिजवून मोठ्या पातेल्यात किंवा टोपलीत उघडा ठेवतात. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. जाळ मोठा असला, कढई वाजत असली, तरी नाही. काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मुलांना आणि गरोदर बायांना गाडीवरचा फ्राइड राईस देऊ नये, एवढं आम्ही ठामपणे सांगतो. नूडल्स त्या मानाने बऱ्या, पण त्याही उकडून तेल लावून सकाळपासून ठेवलेल्या असतात, तेव्हा वास घेऊनच.

उन्हाळ्यात सरबत आणि गोळ्याच्या गाडीवर बर्फाचा रंग पाहा. खाण्याचा नसलेला, कारखान्यात मासळी-मालासाठी वापरायचा बर्फ निळसर करावा असा २०१८ पासून नियम आहे. निळा बर्फ ग्लासात दिसला तर तो ग्लास परत करा. पांढरा आहे म्हणून चांगल्याच पाण्याचा आहे असंही नाही. उसाचा रस बिनबर्फाचा मागितला तर मिळतो.

पैसे देऊन काय घ्यावं

बाहेर खावंच लागतं अशी आपली कितीतरी माणसं आहेत. बांधकामावरचे, रिक्षावाले, रात्रपाळीचे, सफाई कामगार. त्यांना आमचं म्हणणं असं. इडली वाफवलेली आणि डाळ घातलेली असते, स्वस्तही असते, चटणी ताजी आहे का तेवढं पाहावं. मिसळीत मटकी असते म्हणून ती वडापावपेक्षा कितीतरी बरी, फक्त तर्री वेगळी मागावी आणि थोडी घ्यावी. विदर्भात तर्री-पोह्यांनाही हेच लागू. अंडा भुर्जी-पाव हा गाडीवरचा सगळ्यात जास्त किंमत वसूल करून देणारा पदार्थ आहे असं आमचं मत आहे, कारण अंडं डोळ्यांसमोर फुटतं आणि तव्यावर तिथेच शिजतं. सावजीचं मटण म्हणजे तेल आणि तिखट. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी सणावारापुरतं ठेवावं. बाकीच्यांनी खावं आणि वरचं तेल बाजूला सारावं. आणि रोज जेवायचं असेल तर रेस्टॉरंटपेक्षा खानावळ बरी. तिथे तीच गिऱ्हाईकं रोज येतात म्हणून अन्न शिळं ठेवून चालत नाही, डाळ-भाजी-पोळी घरासारखी असते, आणि महिन्याचे पैसे एकदम दिले तर ताट स्वस्त पडतं.

फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जायचंच तर आमच्या त्या ताईंनी दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो. सूप-पापड वगळलं, साधं पाणी मागितलं, हाफ हंडीत किती तुकडे येतात हे आधीच विचारलं आणि तेवढ्याच पैशांत अंडा करी, दाल तडका आणि रोट्या घेतल्या. बिल साडेसहाशेच्या आत आलं. या वेळी त्यांच्या ताटात अंडं होतं.

बिल हातात आल्यावर

बिल वाचायला लाजू नये. वेटर उभा आहे म्हणून घाईने पैसे काढू नयेत. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी पाच टक्के असतो. बिलावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक नसेल तर तो लावता येत नाही, आणि छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतील तर त्यांना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. 'सर्व्हिस चार्ज' हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो आपोआप बिलात टाकता येत नाही. शांतपणे "हा काढून द्या" म्हणावं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वेटरला द्यायचे ते दहा-वीस रुपये त्याच्या हातात द्यावेत. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही छापलेला असायला हवा. खाऊन आजारी पडलात आणि तक्रार करायची वेळ आली तर तो क्रमांक आणि बिल दोन्ही लागतात, म्हणून बिल दोन दिवस तरी जपून ठेवा.

आता उरलेल्या जेवणाचं. पार्सल बांधून आणावं, त्यात कमीपणा काही नाही, पैसे दिलेले असतात. पण शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. उन्हाळ्यात एक तास. घरी फ्रिज असेल तर लगेच पसरट भांड्यात काढून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रस्सा चांगला उकळी येईपर्यंत गरम करा. फ्रिज नसेल तर रस्सा त्याच रात्री शेजारी वाटून टाका. भात आणू नका. तो हॉटेलात किती वाजता शिजला होता हे आपल्याला माहीत नसतं.